चंद्रोदयापर्यंतची रिकामी जागा

“दिसलं ते लिही. नाही दिसलं तिथं रेघ मार. पण रिकाम्या जागी मनचं काही भरू नकोस, हेमांगी. रिकामी जागा खोटं बोलत नाही, भरलेली बोलते.”

सलोमी मेट्रनचा हा आवाज हेमांगी कुंभोजकरच्या कानात तीस वर्षं मुक्कामाला होता. नर्सिंगला लागून महिनाही झाला नव्हता तेव्हा. पहाटेच्या फेरीत एक म्हातारा गाढ झोपलेला दिसला, त्याला उठवायचं जिवावर आलं, म्हणून तिनं तापाच्या तक्त्यात ‘अठ्ठ्याण्णव पॉइंट चार’ असं ठोकून दिलं होतं. मेट्रननं आरडाओरडा केला नाही. तो आकडा एका रेघेनं खोडायला लावला आणि शेजारी सही करायला लावली. खोडरबर नाही, चिठ्ठी चिकटवणं नाही. चूक दिसली पाहिजे आणि ती कुणाची तेही दिसलं पाहिजे.

मेट्रन कधीच्या देवाघरी गेल्या. हेमांगी त्रेपन्न वर्षांची झाली. आता ती मिरजेच्या कृष्णावेणी हृदय संस्थेत अभ्यास-समन्वयक होती. नव्या उपकरणांच्या चाचणीत भाग घेणाऱ्या माणसांना सांभाळायचं, त्यांच्या नोंदी बघायच्या, त्यांच्या शंका ऐकायच्या, हे तिचं काम.

आणि त्या मंगळवारी सकाळी तिच्यासमोरच्या पडद्यावर सहभागी क्रमांक सातच्या हृदयाची रेघ हिरवी होती. आदल्या दिवसाची, सोमवारची नोंद. सकाळी सहा वाजता बहात्तर ठोके. दुपारी चौऱ्याहत्तर. रात्री नऊला एकाहत्तर. कुठं खाच नाही, खळगा नाही.

क्रमांक सात म्हणजे अंकलीच्या मालन चौगुले. त्या या क्षणी वरच्या मजल्यावर कपाळाला सात टाके आणि मनगटाला प्लास्टर घेऊन पडल्या होत्या. काल रात्री नवाच्या सुमारास गच्चीच्या जिन्यात चक्कर येऊन कोसळल्या. छातीवर लावायची पट्टी, जी ठोके टिपून संस्थेकडे पाठवते, ती त्यांच्या अंगावर नव्हतीच. सून म्हणाली, देवघराशेजारच्या स्टीलच्या डब्यात सापडली.

मग हे एकाहत्तर ठोके टिपले कुणी?

हेमांगीनं चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. एकाहत्तर.

*

हृदयात एक इवलीशी गाठ असते. ठोका कधी द्यायचा याचा हुकूम ती सोडते. वय झालं की काहींची गाठ मंदावते, हुकूम उशिरा निघतो, माणूस चार पावलांत धापा टाकतो. पूर्वी त्यासाठी कॉलरबोनखाली काडेपेटीएवढा पेसमेकर बसवत. माणूस चालतोय की बसलाय हे तो अंगाच्या हालचालीवरून ओळखायचा. म्हणून एस.टी.त बसलेल्या आजोबांचं हृदय खड्ड्याखड्ड्याला धावायला लागायचं.

‘कण’ त्याहून शहाणा होता. तांदळाच्या दाण्याएवढा. मांडीच्या शिरेतून आत सोडायचा, तो हृदयाच्या भिंतीत रुतून बसायचा. हालचाल बघायचीच नाही, तर रक्ताची चव घ्यायची, ही त्याची करामत. माणूस श्रम करतो तेव्हा रक्तातलं आम्ल वाढतं, क्षारांचा तोल हलतो. ते जाणवलं की कण ठोके वाढवणार, विसाव्याला बसलं की कमी करणार. डुकरांवर दोन वर्षं प्रयोग झाले होते, उत्तम झाले होते. आता माणसांवरची पहिली चाचणी. चौदा माणसं, एकच केंद्र, मिरज.

चौदाच का, तर ‘छाये’मुळे. अशा पहिल्या चाचण्यांत पूर्वी वर्षानुवर्षं जायची. निम्म्या लोकांना नवं उपकरण, निम्म्यांना जुनं, मग तुलना, तोवर कितीतरी माणसं वाट बघत संपायची. आता प्रत्येक सहभागीच्या तपासण्यांवरून संगणकात त्याचं हुबेहूब दुसरं हृदय उभं करत. तीच छाया. खऱ्या हृदयाची तुलना त्याच्याच छायेशी. माणसं थोडी लागतात, वेळ वाचतो, जीव वाचतात. ही काही वाईट गोष्ट नव्हती. हेमांगीला तर पहिल्यांदा ऐकून हात जोडावेसे वाटले होते.

फक्त एक होतं. पट्टी निघाली, नोंद तुटली, की ती पोकळी छाया स्वतःच भरून काढायची. ‘या माणसाचं हृदय या वेळी साधारण असं चाललं असतं,’ असा अंदाज. पडद्यावर हा भरलेला भाग किंचित फिकट हिरवा असे. अहवालात छापला की सगळं एकच हिरवं.

पहाटेच्या फेरीत झोपलेल्या म्हाताऱ्याचा अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. तोच. फक्त आता तो खोडून शेजारी सही करायला लावणारं कुणी नव्हतं.

*

“पट्टी डब्यात का होती काकू?”

मालनकाकूंनी आधी सुनेकडं पाहिलं. “दीपाली, जरा च्या घिऊन ये गं. आन् साखर कमी म्हन, मागच्या टायमाला पाक आणलावतास.”

दीपाली हसत गेली. मग काकूंनी आवाज उतरवला. “आता मलाच इचारता? तुमीच न्हवं का म्हनालता?”

“मी?”

“व्हय की. पयल्या महिन्यात. म्या इचारलं, ताई, ह्या पट्टीच्या गोंदात काय असतंय. तुमी त्यो कागद वाचलासा. जनावराच्या हाडाचा गोंद हाय म्हनालासा. मग म्या म्हनलं, संकष्टीला सवळ्यात ही कशी लावू? तर तुमी म्हनालासा, व्रताच्या दिवशी काढून ठेवा, एका दिवसानं काय होतंय.”

हेमांगीला ते सगळं आठवलं. शब्द न् शब्द. ती स्वतः संकष्टी करते, असला गोंद त्या दिवशी तिनंही अंगाला लागू दिला नसता. दोन बायकांमधली, सोवळ्याओवळ्याची गोष्ट, त्यात डॉक्टरांना काय सांगायचं, असं वाटून तिनं ते कुठं लिहिलंही नव्हतं. एका दिवसाची नोंद रिकामी राहील, राहू दे, रिकामी जागा खोटं बोलत नाही, हा तिचा हिशेब. ती जागा दुसरंच कुणी भरतं हे तेव्हा तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“काल दिवसभर काय काय झालं ते सांगा बरं.”

“काय हुयाचंय? निर्जळी. चंद्र दिसस्तवर पान्याचा थेंब न्हाई. दुपारपासनं छातीत बेदाण्याच्या शेडातली चाळण सुरू झाल्यागत. खडखड खडखड. आन् मी तर पाटावर बसून जप करत हुते. पळत न्हवते का उडत न्हवते.”

“मागच्या संकष्टीला?”

“तवाबी. त्याच्या आदुगरबी. मला वाटलं, दाना बसवल्यापासनं गणपती पावला, अंगात बळ आलं.” काकू हसल्या आणि टाके ओढले गेले म्हणून कळवळल्या. “काल चंद्र बगाया जिना चढले आन् डोळ्यापुढं अंधारी.”

हेमांगीला कळलं. काकूंनी जन्मभर बेदाण्याच्या शेडात काम केलं होतं. द्राक्ष वाळलं की रस दाट होतो हे त्यांना कुणी शिकवायला नको. पंधरा तास पाणी नाही, की रक्तही दाटतं. पोटात अन्न नाही, की शरीर चरबी जाळतं आणि रक्तात आम्ल चढतं. कणानं चव घेतली, त्याला वाटलं बाई धावतेय. पाटावर बसलेल्या अडुसष्ट वर्षांच्या बाईचं हृदय त्यानं तासन्‌तास पळवलं असणार.

“काकू, हे डॉक्टरांना सांगायला हवं.”

“अजाबात न्हाई!” काकूंनी चांगल्या हातानं तिचं मनगट धरलं. “पयलं काय करतील? उपास बंद. माझा नातू सातव्या महिन्यात झालावता, काचंच्या पेटीत दीड महिना. तवा बोललेले, बारा वर्सं निर्जळी करीन. अकरा झाली. एक ऱ्हायलंय. हत्ती गेला आन् शेपटाला अडकू व्हय? सुनंला कळलं तर ती तांब्या घिऊन मागं लागंल. तुमी व्रतवाल्या, तुमाला कळतंय म्हनून बोलले. शब्द द्या.”

“तुम्ही हो म्हणाल तेव्हाच सांगेन. त्याआधी नाही.”

“शब्द?”

“शब्द.”

चहा आला. साखर जास्तच होती.

*

घरी आल्यावर हेमांगीनं हातपाय धुतले, देवापुढं दिवा लावला, रोजचा अध्याय वाचला. दिवा आणि अध्याय झाल्याशिवाय सकाळ-संध्याकाळ तोंडात पाणी घालायचं नाही, हा तिचा नेम एकवीस वर्षांचा. मग पाणी पिऊन ती स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरपुढं उभी राहिली. हातात चौदाही जणांच्या नोंदींच्या पोकळ्यांचा कागद.

या पोकळ्यांवर कंपनीच्या यंत्रणेनं शेरा मारला होता: ‘क्रम आढळला नाही.’ कसा आढळणार? यंत्रणेनं वार तपासले होते, इंग्रजी तारखा तपासल्या होत्या. कधी सोमवार, कधी गुरुवार, कधी शनिवार. क्रम नाहीच.

हेमांगीनं कॅलेंडरची पानं उलटी चाळली. आठ महिने, आठ संकष्ट्या. दर संकष्टीखाली बारीक अक्षरांत चंद्रोदयाची वेळ. नऊ चौदा. आठ एक्कावन्न. नऊ सदतीस. आणि कागदावर पोकळी संपल्याच्या, म्हणजे पट्ट्या परत लावल्याच्या वेळा: नऊ वीस. नऊ. नऊ पस्तीस. या शेवटच्या वेळेवर ती क्षणभर अडली, मग तिला हसू आलं. कॅलेंडरातली वेळ मुंबईची. मिरजेत चंद्र सहा-सात मिनिटं आधी उगवतो. नैवेद्य दाखवायचा, चंद्राला ओवाळायचं, की पट्टी छातीवर.

एक नाही, दोन नाही. चौदांपैकी नऊ जण. तपासणीच्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसून काकूंनी सगळ्यांना सांगितलं असणार, “ताई म्हनल्यात, चालतंय.”

आणि आणखी एक. बॅटरी. बाकी पाच जणांच्या कणाची बॅटरी आठ महिन्यांत आठ टक्के उतरली होती. या नऊ जणांची साडेनऊ, दहा. काकूंची अकरा. छायेला ठोके कल्पनेनं भरता येत होते, पण बॅटरी कणाच्या पोटात होती. तिथं कुणाची कल्पना पोचत नव्हती.

पुढच्या संकष्टीवर हेमांगीचं बोट थांबलं. मंगळवार. अंगारकी. एरवी उपास न करणारेही त्या दिवशी करतात. आणि त्याच तारखेला तिनं महिन्यापूर्वी स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं होतं: ‘पुणे, सुरक्षा समितीची बैठक.’ त्या बैठकीत मान्यता मिळाली की सहा शहरांत तीनशे लोकांच्या हृदयात कण बसणार होता.

*

नियमभंग नोंदवायचा तर फॉर्म भरायचा. तो उघडला. ‘पट्टी काढण्याचे कारण निवडा: विसर. प्रवास. त्वचेची ॲलर्जी. इतर.’ तिनं ‘इतर’ निवडलं. वीस अक्षरांची जागा, त्यात काना, मात्रा, वेलांटीही वेगळी मोजलेली. ‘संकष्टीचा निर्जळी उपास व सोवळे’ असं लिहायला घेतलं तर ‘निर्जळी उप’पाशी कर्सर थांबला. ‘उपवास’ एवढंच लिहून पाठवलं तर दुसऱ्या मिनिटाला उत्तर: ‘आजारपणामुळे जेवण चुकले का? होय/नाही.’ हा प्रश्न सहभागींच्या रोजच्या प्रश्नावलीतही होता. आठ महिने नऊच्या नऊ जणांनी संकष्टीला ‘नाही’ असंच उत्तर दिलेलं. आजारपणामुळे कुणाचं जेवण चुकलं होतं? कुणाचंच नाही.

तिनं कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं, मुद्दा केंद्रप्रमुखांमार्फत मांडावा. केंद्रप्रमुख डॉ. ऋतुराज घोरपडे परदेशी परिषदेला. ते आले तेव्हा दहा दिवस उलटले होते. त्यांनी भेटीची वेळ दिली, रद्द केली, पुन्हा दिली. शेवटी ते आणि पडद्यावर बंगळूरहून कंपनीचे आदित्य रेगे, असे तिघं बसले तेव्हा अंगारकीला सहा दिवस राहिले होते.

हेमांगीनं क्रमांक सात वगळून आठ जणांचा तक्ता पुढं ठेवला. एका बाजूला चंद्रोदय, दुसऱ्या बाजूला पट्टी लावल्याची वेळ.

रेगे सौम्य, हसतमुख. “मॅडम, फारच इंटरेस्टिंग! पण धर्म, व्रत वगैरे माहिती आम्ही गोळाच करत नाही. संवेदनशील असते ती.”

“मी धर्म लिहा म्हणत नाही, साहेब. पाणी लिहा म्हणते. माणूस पंधरा तास पाण्याशिवाय राहिला, एवढंच.”

“प्राण्यांवरच्या प्रयोगात असं काही आढळलं नव्हतं.”

“डुकरं संकष्टी करत नाहीत,” हेमांगी हळूच म्हणाली.

घोरपडे खळखळून हसले. रेगेही हसले. आणि हसण्यावारीच मुद्दा वाहून जातोय हे पाहून हेमांगीनं दुसरा कागद पुढं सरकवला.

“बॅटरी बघा ना.”

“उत्पादनात तेवढा फरक असतो.”

“नऊच्या नऊ जणांच्यात?”

“तुमच्या तक्त्यात तर आठच आहेत मॅडम.”

घोरपडे पुढं झुकले. ते काही वाईट माणूस नव्हते. त्यांचे वडील जुन्या पेसमेकरच्या वायरीला जंतुसंसर्ग होऊन गेले होते, त्या दिवसापासून त्यांनी बिनवायरीच्या या दाण्याचा ध्यास घेतला होता. “सिस्टर, या आठ जणांना काही त्रास झालाय? कुणी पडलं? नाही. पडल्या त्या एकच, क्रमांक सात. मला एवढंच सांगा. क्रमांक सात त्या दिवशी उपाशी होत्या का?”

उत्तर जिभेवर होतं. अकरा वर्षांचं व्रत, चाळणीची खडखड, अंधारी, सगळं. आणि त्यावर मनगटावरच्या त्या हाताची पकड.

“मला सांगता येणार नाही.”

“म्हणजे माहीत नाही?”

“सांगता येणार नाही.”

रेग्यांनी खांदे उडवले. “मग डेटा नाही. छायेचा अंदाज सत्त्याण्णव टक्के विश्वासार्ह आहे मॅडम.” पडदा विझला.

घोरपड्यांनी दार लोटलं. “काय चाललंय तुमचं? तीनशे लोक वाट बघतायत. त्यातले वीस-पंचवीस पुढच्या वर्षापर्यंत टिकणार नाहीत, ठाऊक आहे ना तुम्हाला? चांगलं उपकरण आहे हे!”

“चांगलंच आहे. म्हणून तर म्हणते. त्याला उपास शिकवा, मग द्या. आठ-दहा जणांना इथं झोपवून, डॉक्टर शेजारी ठेवून, एक दिवस तपासलं तर दोन महिन्यांत कळेल. पहिली चाचणी त्यासाठीच असते ना, सर? तीनशे जण पडण्याआधी एक जण पडला तर बघायला?”

“आणि पट्ट्या काढायला त्यांना सांगितलं कुणी?”

“मी.”

घोरपडे एकदम खालच्या स्वरात म्हणाले, “हे मी ऐकलं नाही. तुम्हीही कुठं लिहू नका. लिहिलंत तर नोकरी जाईल, केंद्र बंद होईल. तीस वर्षं झाली तुमची, सिस्टर. कशाला हात दाखवून अवलक्षण?”

ती जागेवर येऊन बसली. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आला तो नुसता संताप. फॉर्मच्या वीस अक्षरांचा, हसतमुख रेग्यांचा आणि सगळ्यांहून जास्त स्वतःचा. नको तिथं तिनं सूट दिली होती, आणि नको तिथं शब्द.

*

दोन दिवस तिनं त्या आठ जणांना फोन केले. “अंगारकीला पाणी प्या. पट्टी काढू नका, मी बिनगोंदाचा मलमलीचा पट्टा शिवून पाठवते.” अशा सूचना परस्पर द्यायची तिला परवानगी नव्हती. पाच जण लगेच हो म्हणाले. एक गुरुजी होते, त्यांनी वीस मिनिटं शास्त्र सांगितलं आणि शेवटी म्हणाले, “पाण्यानं उपास मोडत नाही असं वचन आहेच, मी आपला हौसेनं करत होतो.” एकीनं विचारलं, “चहा चालेल का मग?” एकीनं फोनच उचलला नाही, तिच्या मुलाला निरोप दिला.

रविवारी ती विजेवरच्या एस.टी.नं अंकलीला गेली. मालनकाकू ओट्यावर एका हातानं शेवग्याचा पाला निवडत होत्या.

“आला व्हय? या. डॉक्टरनं धाडलं का देवानं?”

“मीच आले.” हेमांगी शेजारी बसून पाला निवडायला लागली आणि सगळं सांगितलं. दाट रक्त. फसलेला दाणा. तीनशे माणसं. “तुमचं नाव घेता येत नाही म्हणून माझं कुणी ऐकेना. मला शब्दातून सोडवा, काकू. आणि अंगारकीला पाणी घ्या.”

“झालं! सोताचा शब्दबी मोडा आन् माझाबी?” काकूंनी काडी भिरकावली. “देवाला काय सांगू? दवाखान्याचं काम निगालं म्हनून?”

“तुम्ही पडलात तर नातवाला काय सांगू मी?”

ओट्यापुढून एक कोंबडी ऐटीत गेली, तिला काकूंनी उगीचच हाकललं.

“त्या तीनशेत माझ्यागत किती असतील?”

“ठाऊक नाही. तेच तर कुणी विचारत नाही.”

“हं.” काकूंनी पाल्याची आणखी एक काडी उचलली. “माझ्या सासूबाई हातरुणाला खिळल्यावत्या, तवा त्यांचा उपास म्या धरलावता. दुसऱ्यानं धरला तर देवाला चालतंय. खंड पडत न्हाई. फकस्त धरणाऱ्यानं जसाच्या तसा धराया पायजे.” त्यांनी हेमांगीकडं नीट पाहिलं. “तुमची संकष्टी कसली?”

“दूध, फळं. पाणी घेते.”

“मग ह्या टायमाला माझी धरा. निर्जळी. चंद्र दिसस्तवर. आन् फुडचं वर्सभरबी. म्या पानी पिते, पट्टा बांदते, सुनंला मीच सांगते.”

“धरते.”

“आन् तितं पुन्यात नंबर सात म्हनू नगा. सात नंबरला कोन वळकतंय? मालन दत्तू चौगुले म्हना. निर्जळी हुते, पाटावर बसले हुते, छातीत चाळण सुरू झाली, असंच म्हना. लिहून द्या, म्या अंगठा देते.” मग स्वतःच हसल्या. “अंगठा कशाला, सही येती की मला. हा प्लास्टरचा हात सोडला तर.”

डाव्या हातानं केलेली ती सही वेडीवाकडी आली, पण वाचता येत होती.

*

अंगारकीच्या पहाटे हेमांगीनं स्नान केलं, दिवा लावला, अध्याय वाचला. देवापुढं पळीभर पाणी सोडून काकूंचं नाव घेतलं, गोत्र ठाऊक नव्हतं म्हणून अंकली गाव सांगितलं. सवयीनं हात फुलपात्राकडं गेला, तो तिनं मागं घेतला.

पिशवीत तिनं चार गोष्टी ठेवल्या. आठ महिन्यांची कॅलेंडरची पानं. बॅटरीचा तक्ता. काकूंचा जबाब. आणि एक साधा कागद, हातानं लिहिलेला: ‘व्रताच्या दिवशी पट्टी काढून ठेवण्यास सहभागींना मी सांगितले. ते मी त्या वेळी नोंदवले नाही. त्यांच्या त्या दिवसांच्या ठोक्यांची नोंद,’ आणि त्यापुढं नुसती एक आडवी रेघ. खाली सही, पूर्ण नावानं.

चप्पल घालताना फोन वाजला. घोरपडे.

“सिस्टर, स्टाफनं सांगितलं तुम्ही रजा टाकलीय. पुण्याला निघालात का?”

“हो सर.”

“अहो, बैठकीच्या यादीत तुमचं नाव नाही. आत सोडणार नाहीत.”

“बाहेर बसेन.”

“दिवसभर चालेल ती! शेवटी कुणी भेटेल याचीही खात्री नाही. उपाशीतापाशी किती वेळ बसणार आहात?”

हेमांगीनं कॅलेंडरकडं पाहिलं. “चंद्रोदय नऊ बावीसला आहे,” ती म्हणाली. “तोवर मला कसलीच घाई नाही.”

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. मग घोरपडे म्हणाले, “बॅटरीच्या तक्त्याची एक प्रत माझ्याकडं पाठवून ठेवा. जाता जाता.”

तिनं ती पाठवली. माठावरचं झाकण सरळ केलं, दार ओढून घेतलं, कडी लावली. गल्लीतली माणसं अजून उठायची होती. ओठ कोरडे पडायला लागले होते. पिशवी खांद्याला लावून ती स्टँडच्या दिशेनं चालू लागली, काकूंचा उपास सांडू नये अशा बेतानं, सावकाश.